दरडोई

बेलापूरला, सिडको भवनाच्या मागच्या गल्लीत
झेरॉक्सवाल्याच्या अर्ध्या गाळ्यात मी टाइप करतो.
पानाला चाळीस. मराठी असेल तर पन्नास,
जोडाक्षरांचे दहा जास्त.

वकील म्हणाले, लिही:
सदर भूखंड वारसांनी पर कॅपिटा वाटून घ्यायचा.
माझी बोटं थांबली.
अरे, पेपरात येतं ना उत्पन्नाचं, दरडोई. तेच टाक.
मग चहा येईपर्यंत लॅटिन शिकवलं:
कापूत म्हणजे डोकं. कापिता म्हणजे डोकी.

म्हणजे तिकडे सगळी डोकी एका हाऱ्यात घेतात.
आपण एकेक उचलतो.
आधी दर, मग डोई,
नारळवाला कानाशी नेऊन
वाजवून बघतो, तसं.

बाकावर हाशाची पाच पोरं,
पाचांचेही गॉगल केसांत खोचलेले.
जोमाची एकुलती वनश्री, अर्धी रजा टाकून आलेली.
आणि मधोमध त्यांची आत्या पोसूबाय,
हाशा-जोमा गेल्यावर उरलेली.

दोनशे दहा मीटर.
फांद्या धरल्या तर तीन, सत्तर सत्तर.
डोया धरल्या तर सात, तीस तीस.
फांदी की डोई, एवढ्यावर तीन वर्षं गेली,
घरात गणपती दोन झाले.
शेवटी पोसूबाय म्हणाली, डोया धरा.
चाळीस मीटर सोडले तिनं,
भाजीवाल्याला कोथिंबिरीची जुडी परत करावी तसे.
मग वनश्रीनंही सोडले.

मी वाचून दाखवलं. दरडोईपाशी तिनं हात वर केला.
‘डोय कय रं बाला?’
डोकं, आजी. माणशी एक हिस्सा.
‘आमी मिठागरान डोया मोजायचो.
एक पाटी, एक डोय. मुकादम कवडी द्यायचा.’
पदर मागे सारून तिनं टाळू दाखवली:
चुंबळीची जागा, जुन्या रुपयाएवढी,
तिथं केस पुन्हा आलेच नाहीत.

‘मंग बारकीची कुटं धरली?’

कोण बारकी? वकिलांनी पानं मागे उलटली,
पुढे उलटली.
‘माजी बहीन. पाटी टाकून येताना खारीत गेली.
नऊ वर्साची. तिलापन डोय व्हती.
माज्यापरीस एक खेप जास्त करायची.’

पंखा फिरत होता. झेरॉक्सचं यंत्र
कुणाचा तरी सातबारा ओकत होतं.
वनश्रीनं, कुणी सांगितलं नसताना,
मोबाइलवर दोनशे दहाला आठानं भागलं
आणि उत्तर स्वतःशीच वाचलं: सव्वासव्वीस.
पाचांतल्या एकानं गॉगल काढला,
बराच वेळ काचा पुसत राहिला.

वकील हळू बोलले, त्यांना तेही येतं:
नाही बसत, आजी. कागदावर ती नाहीच.
पोसूबायनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
मी टाइप केलं: एकूण वारस ७, अक्षरी सात.
इतकी वर्षं हा शब्द छापतोय मी,
पाणी दरडोई, कचरा दरडोई, कर्ज दरडोई,
त्यात टाळू असते, हे लक्षात आलं नव्हतं.

सह्या झाल्या. तिचा अंगठा प्रत्येक पानावर.
चिंधी पुढे केली तर तिनं घेतली नाही,
शाईचा अंगठा डोक्याला पुसला,
बरोबर त्या उघड्या जागी.

सात पानं. साडेतीनशे.
थोरला म्हणाला, काढा, दरडोई पन्नास,
आणि स्वतःच हसला.
टेबलावर सहा नोटा पडल्या.
पोसूबायनं कनवटीची गाठ सोडून
शंभराची ठेवली.
मी पन्नास परत दिले.
तिनं ते माझ्याकडेच सरकवले,
आणि वनश्रीचा हात धरून
पायरी उतरली.